दहा पावलांचा गुन्हा

ज्या इंजिनात पिस्टनच नाहीत त्यात बिघडण्यासारखे तरी काय असणार, असा निर्मळ तर्क करून मी ती जुनी जपानी मोटार न्यू जर्सीतील आमच्या दारात आणून उभी केली, आणि त्या दिवसापासून माझ्या तर्कशक्तीविषयी घरात जे मत बनले त्यात आजतागायत कानामात्रेचाही फरक पडलेला नाही. इतर मोटारींच्या उदरात पिस्टन वर-खाली येरझारा घालीत असतात. या वांकेल जातीच्या इंजिनात मात्र फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, मधोमध चिमटलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत, अखंड प्रदक्षिणा घालतो, आणि त्याची एक प्रदक्षिणा पुरी होईतो मधला दांडा तीन गिरक्या घेतो. साहेबाची एक सही होईपर्यंत शिपायाच्या तीन खेपा व्हाव्यात, तसा. 1957 च्या फेब्रुवारीत जर्मनीतील नेकार्सुल्म गावी हे यंत्र प्रथम फिरले आणि 1991 साली ले माँची चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या इंजिनाने जिंकली. तेव्हा अहोरात्र धावण्याविषयी त्याची तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती ती सकाळी सव्वासातला सुरू होण्याविषयी. या यंत्राचे जनक फेलिक्स वांकेल यांची दृष्टी इतकी अधू होती की त्यांनी जन्मात मोटार चालवण्याचा परवाना घेतला नाही आणि त्यांची गाडी दुसराच कोणी हाकीत असे, हे मला फार उशिरा कळले. थंडीत स्वतः किल्ली फिरवण्याचा प्रसंग ज्याच्यावर कधी यायचाच नव्हता, अशा गृहस्थाच्या शोधावर आपण पैसे घालावेत काय, याचा विचार मी अगोदर करायला हवा होता.

गाडी कधीच सुरू झाली नसती तर मी तिला भंगारात काढून मोकळा झालो असतो. पण ती सोमवारी पहिल्याच सेल्फला गुरगुरून उठे, मंगळवारी सेल्फ मारून मारून बॅटरी धापा टाकू लागली तरी दाद देत नसे, आणि रविवारी पुन्हा सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी एका हाकेला ओ देई. मी बॅटरी बदलली. दोन रोटरांचे, म्हणजे त्या फुगीर त्रिकोणांचे, प्रत्येकी दोन असे चारही प्लग बदलले. कॉइल बदलल्या. गाडीने या सर्व नजराण्यांचा मूकपणे स्वीकार केला आणि आपला परिपाठ सोडला नाही.

अशा समयी साताऱ्याहून माझे सासरे, नाना, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. नाना मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वस्तू कोणतीही असो, ती त्यांच्यापुढे आली की तिचे प्रकरण होते. माझा खर्चाचा तपशील त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही चौकशीच्या आधीच शिक्षा देत सुटलात की!"

त्याच सायंकाळी त्यांनी एका वहीत रकाने आखले: वार, वेळ, ठिकाण, हवामान, सेल्फची संख्या, आणि 'आदल्या खेपेस गाडी कोठे गेली होती'. या शेवटच्या रकान्याचे मला हसू आले. गाडीच्या चारित्र्याचा सुरू होण्याशी काय संबंध? परंतु दोन आठवड्यांनी नानांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि त्याच रकान्यावर बोट ठेवले, तेव्हा माझे हसू मावळले.

आमच्या दारातला रस्ता एका गाडीपुरता. सौभाग्यवतीची गाडी आत, माझी तिच्या मागे. मी नोकरीला न्यूयॉर्कला आगगाडीने जातो. म्हणून सोमवारी सकाळी मी माझी गाडी चालू करून दहा पावले मागे घेई, तिच्या गाडीला वाट देई आणि लगेच इंजिन बंद करी. गार इंजिनात पेट्रोल सढळ हाताने सोडले जाते. ते जळून जाण्याआधीच किल्ली फिरली की उरलेले पेट्रोल प्लग भिजवते आणि त्रिकोणाच्या तीन टोकांवरच्या पट्ट्यांना धरून असलेला तेलाचा पातळ थर धुऊन टाकते. तेल गेले की फटीतून दाब निसटतो. दाब नाही तर स्फोट नाही, आणि स्फोट नाही तर मंगळवार. शनिवारी-रविवारी लांब फिरून आलेली गाडी सोमवारी कुरकुर करीत नाही, याचेही इंगित हेच.

"आमची स्कूटर तिरकी केली की सुरू व्हायची," नाना म्हणाले. "ही तिरकी होईल का?"

ती होत नसल्याने पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढून मी सेल्फ मारला, आतले पेट्रोल उडवून लावले, प्लग पुसून वाळवले, त्यांच्या भोकांतून थोडेथोडे तेल सोडले आणि सर्व जागच्या जागी बसवून किल्ली फिरवली. गाडीने प्रथम असा धूर सोडला की समोरचे शेजारी फोन हातात घेऊनच बाहेर आले, आणि मग ती उभ्या जन्मात कधी रुसलीच नव्हती अशा थाटात चालू लागली. पुढे एका मिस्त्रीने कॉम्प्रेशनही मोजले. त्रिकोणाच्या तीन बाजूंचे तीन आकडे, दोन रोटरांचे सहा. आकडे किमान मर्यादेच्या जेमतेम वर होते. नानांनी ते उतरवून घेतले आणि पुढे शेरा मारला: 'तूर्त ठीक'.

फैसला असा झाला की गाडीवरील तोहमत निराधार असून गुन्हा मालकाचा आहे. यापुढे दहा पावलांसाठी तिला उठवू नये, ढकलावी. आणि उठवलीच तर दहा मैल फिरवल्यावाचून निजवू नये.

"हे सगळं गाडीबद्दलच आहे ना?" सौभाग्यवतीने आतून विचारले. "नाही, तुमची पेटी, तुमचे सूर्यनमस्कार, तुमचं जर्मन, सगळं गार असतानाच बंद केलेलं आहे, म्हणून विचारलं."

हा पुरावा नानांनी वहीत घेतला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. हुकमाची अंमलबजावणी मात्र त्यांनी जातीने केली. रोज सकाळी सहाला, कानटोपी चढवून, मांडीवर वही घेऊन ते शेजारी बसत, आणि तापमानाचा काटा मध्यावर आल्याखेरीज मला घराकडे वळू देत नसत. पाच महिन्यांत गाडीने एकदाही नकार दिला नाही.

परतीच्या दिवशी त्याच गाडीतून मी त्यांना विमानतळावर सोडले, सामान आत पोचवले, दहा मिनिटांत परतलो आणि किल्ली फिरवली. सेल्फ फिरत राहिला. इंजिन सुरू होईना. आता तर ते चांगले तापलेले होते! मी घाईघाईने नानांना फोन लावला.

"गार असताना दिलेला नकार वेगळा आणि गरम असताना दिलेला वेगळा," तपासणीच्या रांगेतून ते शांतपणे म्हणाले. "दाब मुळातच कमी, तो तापल्यावर आणखी उतरतो. पहिली मिसल दफ्तरदाखल झाली. समोरचा कप्पा उघडा."

कप्प्यात वही होती. तिच्यात नवे पान आखलेले होते; वर 'मिसल दुसरी' असे लिहून वार, वेळ, हवामान हे रकाने त्यांच्या वळणदार अक्षरात भरलेले होते, 'ठिकाण' या रकान्यात 'विमानतळ' होते, आणि रिकामा सोडलेला होता तो फक्त सेल्फच्या संख्येचा रकाना.