सोफ्याचे पैसे कुणाच्या ओच्यात?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर साडी घ्यायला आलेली बाई पदर उलगडून पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. कापड चिमटीत धरते, उजेडात नेते, काठ उलटा करून मागचे धागे बघते आणि मग भावाला बसते. तिच्याच घरचा पुरुष लावणीच्या कार्यक्रमाचा व्हीआयपी पास घेताना मात्र एक प्रश्न विचारत नाही. साध्या खुर्चीच्या कितीतरी पट पैसे मोजतो. त्यात काय मिळणार आणि ते कुणाला जाणार, याची चौकशी नाही. सुपारी हनुमानापासून औरंगपुऱ्यापर्यंत ज्या कुणाला ‘व्हीआयपी परवडतं का’ असा प्रश्न पडला असेल, त्याला माझं सरळ उत्तर आहे : नाही परवडत.

पुढच्या सोफ्यावर काय मिळतं ते नीट बघा. समोर बांबूचा अडसर, अडसरापुढे काळ्या टी-शर्टातले बाउन्सर. डीजेचे खोके थेट छातीवर. बहुतेक ठिकाणी ढोलकी नाही, पेटी नाही, गाणं ट्रॅकवर वाजतं. नाचणारीला सगळं मैदान सांभाळायचं असतं, तुमच्या सोफ्याकडे बघायला तिला सवड नाही. मागची पोरं खुर्च्यांवर चढली की सोफेवालेही उभे राहतात आणि दोघांनाही दिसतं ते पुढच्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये. सोफ्यावर बसतात कोण? गुत्तेदार, प्लॉटिंगवाले, निवडणुकीची तयारी करणारे. त्यांना लावणी बघायची नसते, आपण पुढे बसलेलो गावाला दिसायला हवं असतं. तो मोठेपणा तेवढा विकला जातो आणि त्याची सगळी रक्कम आयोजकाच्या वहीत जाते. नाचणारीची सुपारी आधीच ठरलेली असते. सोफे किती खपले यावर तिची कमाई वाढत नाही.

हाच मोठेपणा आपल्या सरकारने एकदा कायद्यात लिहून ठेवला होता. २००५ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना डान्सबारवर बंदी आली. मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमं घातली गेली. पहिल्याने साध्या बारमधला नाच बंद झाला. दुसऱ्याने तीन आणि त्याहून जास्त तारांच्या हॉटेलांना, क्लबांना, जिमखान्यांना सूट मिळाली. म्हणजे पनवेलच्या बारमध्ये नाचली तर गुन्हा आणि तारांकित हॉटेलात नाचली तर करमणूक. ज्याच्या खिशात जास्त पैसे त्याची नीती शाबूत, असं राज्याने छापील शब्दांत सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही कलमं रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निकाल कायम केला आणि याच भेदभावावर बोट ठेवलं. तोवर आठ वर्षं गेली होती आणि हजारो बायांची रोजीरोटी तुटली होती. पुन्हा २०१६ चा नवा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच जाचक अटी जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने काढून टाकल्या. नोटा उधळायला मनाई राहिली, टीप द्यायला परवानगी मिळाली. मला हा फरक मोलाचा वाटतो. उधळलेली नोट बाईला जमिनीवरून वेचावी लागते. टीप हातात द्यावी लागते.

हातात दिलेलंही सगळं तिचं नसतं. बारमध्ये मालकाचा वाटा ठरलेला असायचा. अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांतही तेच : अनेक क्लबांत नाचणारीच मालकाला पाळीमागे फी भरते आणि गिऱ्हाइकाने ‘खास खोली’साठी मोजलेल्या रकमेतून क्लब आपला हिस्सा आधी कापून घेतो. वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून या फीला मर्यादा घातली : पाळीमागे १५० डॉलर किंवा त्या पाळीतल्या कमाईच्या ३० टक्के, यातलं जे कमी असेल ते. लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या एका क्लबच्या नर्तकींनी तर २०२३ मध्ये नाट्यकलावंतांच्या युनियनचं सभासदत्व घेतलं. तिथल्या बायांनी आपल्या वाट्याचा हिशेब मागितला. आपल्याकडे गिऱ्हाईकही मागत नाही.

आता दुसरी बाजू. जास्तीचे पैसे मोजून खरोखर काही पदरात पडतं अशी एक जागा महाराष्ट्रात आहे : संगीत बारीची बैठक. ठिकाणं म्हणाल तर पुण्याचं आर्यभूषण थिएटर, दौंडजवळचं चौफुला, सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंब, नगरकडचं जामखेड. तिथे आधी तिकिटाचा खेळ होतो, कलावंतांच्या पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात. ज्याला निवांत ऐकायचं आहे तो स्वतंत्र बैठक ठरवतो. खोली लहान, पेटी, तबला, ढोलकी हाताच्या अंतरावर. बाई बसूनच गाते. एकच ओळ पाचदा येते आणि पाचही वेळा तिचा अर्थ वेगळा निघतो : एकदा भुवई उचलते, एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळते, एकदा नुसती मान वळवून थांबते, आणि ढोलकीवालाही तिच्याबरोबर श्वास रोखतो. सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि यमुनाबाई वाईकर यांनी ही कला याच बसण्यातून उंचीला नेली. यमुनाबाईंना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मैदानातल्या सोफ्यावर हे कितीही पैसे टाकून मिळणार नाही. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ हे पुस्तक वाचा, म्हणजे या बायांची मेहनत आणि त्यांचा व्यवहार दोन्ही कळतील.

पण बैठकीला गेलात म्हणून बाई विकत घेतली असं नाही, आणि हे मला ठणकावून सांगायचं आहे. पैसेवाल्याचा हक्क बाईच्या देहावर चालतो, या समजुतीनेच कोल्हाटी समाजातल्या मुलींचा ‘चिरा’ उतरवला गेला, म्हणजे त्यांच्या कौमार्याचा सौदा झाला, त्यांची लेकरं बापाच्या नावावाचून वाढली. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी आईचं नाव लावून ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं ते १९९४ मध्ये. तीस वर्षं उलटली तरी पैसेवाल्यांची मस्ती गेलेली नाही. जुलै २०२५ मध्ये दौंड तालुक्यातल्या एका कला केंद्रात गोळीबार झाला, गुन्हा नोंदवावा लागला. लावणी ऐकायला बंदूक कशाला लागते?

तेव्हा गुलमंडीकरांनो, साडी घेताना दाखवता तेवढी चिकित्सा इथेही दाखवा. आयोजकाला विचारा, वादक प्रत्यक्ष वाजवणार आहेत का, कलावंतांना किती आणि कधी देणार. उत्तर मिळालं नाही तर साध्या खुर्चीचं तिकीट काढा नाहीतर घरी बसा. हौस आणि ऐपत दोन्ही असतील तर बैठक ठरवा. वाटा कुणाचा किती ते पार्टीच्या मालकिणीला आधी विचारा, दाद म्हणून द्यायचं ते गाणारीच्या आणि वादकांच्या हातात द्या, मोबाइल खिशात ठेवा. ती वेळ संपली म्हणाली की उठा. सोफ्याला जादा एक रुपयाही देऊ नका.