कॉलेजात न जाण्याची पूर्वतयारी

दहावीचा निकाल लागला की नाशकात पेढ्यापाठोपाठ एकच प्रश्न येतो, ‘मग, टाय-अप कुठं?’ बाहेरगावच्या माणसाला वाटेल, सोयरिकीचं चाललंय. तसं ते फारसं चूकही नाही. एका बाजूला क्लास, दुसऱ्या बाजूला कनिष्ठ महाविद्यालय. क्लासकडे गर्दी आहे, कॉलेजकडे मान्यता आहे. बैठक बसते, याद्या होतात, आणि दोन्ही मांडवांचा खर्च आपल्याकडे येतो. पोराचं नाव कॉलेजच्या पटावर आणि पोरगं क्लासच्या एसी खोलीत, या व्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड’ म्हणतात.

ही सगळी तयारी कशासाठी? तर कॉलेजसाठी. मुलानं पुढं चांगल्या कॉलेजात जावं म्हणून त्याला आधी दोन वर्षं कॉलेजात जाऊ द्यायचं नाही.

यातली गंमत प्रवेशाच्या अर्जापासूनच सुरू होते. २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. नाशिक शहराला त्याची सवय आधीपासूनच होती. पहिल्याच दिवशी, २१ मे रोजी, संकेतस्थळानं मान टाकली आणि अर्ज भरणं २६ मेपर्यंत पुढं गेलं. राज्यभरचे आईबाप पडद्याकडे डोळे लावून बसले. अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम द्यायचा असतो. ज्या दहापैकी एकाचंही फाटक ओलांडायचं नाही, त्यांचा क्रम लावताना घरोघरी जी भांडणं झाली, ती खरी लोकशाही!

आता हा विद्यार्थी थेट बारावीच्या प्रात्यक्षिकाच्या सकाळी पाहा. शहराबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे कुठंतरी त्याचं कॉलेज आहे म्हणतात. बाबा गाडी थांबवतात, चिरंजीव काच खाली करून टपरीवाल्याला विचारतात, ‘काका, हे कॉलेज कुठं आलं?’

‘कोणाला भेटायचंय?’

‘कोणाला नाही. मी तिथलाच विद्यार्थी आहे.’

‘मग डावीकडे वळ. तुझ्या वर्गातले चौघं आत्ताच विचारून गेले.’

प्रयोगशाळेत ब्युरेट समोर उभी. बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, ‘हे काय आहे?’ पोरगं प्रामाणिक आहे. म्हणतं, ‘सर, याच्यावरचे एमसीक्यू केलेत. प्रत्यक्ष आज बघतोय.’ जर्नल मात्र पूर्ण आहे, अक्षर सुरेख आहे, फक्त ते त्याचं नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, प्रत्येकी तीस गुण. परीक्षकालाही संध्याकाळच्या आत घरी पोचायचं असतं.

सरकार गप्प बसलं, असं मात्र कोणी म्हणू नये. जून २०१८ मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. त्यात नाशिक विभागही होता. आदेश निघाला, फाइल बंद झाली, आणि टाय-अपचे फलक होते तिथंच राहिले. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली : सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नका. तेव्हापासून ‘फाउंडेशन’च्या बॅचमधली सातवीतली मुलं सोळा वर्षांची आहेत, असं समजण्याची पद्धत पडली आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर नियम आले. निकालानंतर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचा फोटो लावायचा नाही. कॉलेज रोडवर एकच हसरी मुलगी दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर दिसली, तर तिनं दोनदा सही केली असणार. शंका घेऊ नये.

या रस्त्याला कॉलेज रोड म्हणतात ते एचपीटी-आरवायके या कॉलेजांमुळे. एचपीटी १९२४ चं. कुसुमाग्रज तिथं शिकले, तेही वर्गात बसून. आज त्याच रस्त्यावर कॉलेजची पाटी शोधायची, तर आधी रँकांच्या जंगलातून वाट काढावी लागते.

आता हिशेबाचं बोलू. एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम कुठल्या परग्रहावरून येत नाही. राज्य मंडळाचाच बारावीचा ऐंशी टक्के आणि अकरावीचा वीस टक्के भाग त्यात असतो. हेच शिकवायला अनुदानित कॉलेजात शिक्षक आहे आणि त्याचा पगार तुमच्याआमच्या करातून निघतो. तो रिकाम्या बाकांसमोर उभा असतो. त्यानं जे शिकवायचं, तेच शिकून घ्यायला आपण दुसरीकडे लाखांत फी भरतो, तीही हप्त्यानं. एकाच धड्याचे दोनदा पैसे देणाऱ्या या ग्राहकाला आपल्याकडे ‘जागरूक पालक’ म्हणतात.

अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीत खुल्या गटासाठी पंचेचाळीस आणि राखीव गटासाठी चाळीस टक्के पुरतात. बाकी सगळं सीईटीच्या पर्सेंटाइलवर. मग सुरगाणा-पेठ तालुक्यांतली जी पोरं एसटीचे धक्के खात रोज कॉलेजात येतात, खरीखुरी हजेरी लावतात, स्वतःच्या हातानं जर्नल लिहितात, त्यांच्या पदरात काय पडतं? ब्युरेट ओळखता येते, एवढंच. ग्रामीण भागातल्या गरजू मुलांसाठी नाशिक जिल्हा परिषदेनं ‘सुपर ५०’ नावानं निवासी कोचिंग सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण त्याचा अर्थही नीट वाचा : कॉलेजात पाठवून भागत नाही, हे आता सरकारी यंत्रणेलाही मान्य आहे.

दोष पोरांचा नाही. त्यांनी पत्ता विचारला, तोही नम्रपणे. दोष मान्यता भाड्यानं देणाऱ्या संस्थांचा, त्यांची तपासणी कागदावर उरकणाऱ्या खात्याचा, आणि ‘सगळेच करतात’ म्हणून सही करणाऱ्या आपला आहे.

तेव्हा यंदा अकरावीचा प्रवेश पक्का करण्याआधी एवढं करा. कॉलेजात स्वतः जा. प्रयोगशाळा कोणत्या वारी, किती वाजता उघडते, ते विचारा. उत्तर द्यायला कार्यालयातल्या माणसाला क्लासला फोन करावा लागला, तर अर्ज परत घ्या आणि घरी या.