हायफाय झालं यवतमाळ!

बाप्पा बाप्पा, काय चाललंय काय यवतमाळात? दत्त चौकात उभं राहा आणि नुसते कान उघडे ठेवा. हॉटेल हायफाय, लग्न हायफाय, पोट्ट्याची कटिंग हायफाय. आंदणात आलेला सोफासुद्धा हायफाय! परवा एक काकू ब्लाउजच्या गळ्याला हायफाय म्हणाल्या आणि टेलरनं शिलाई तिथल्या तिथं वाढवली. आता बोला! बेस, झकास, फसक्लास हे शब्द काय सावकाराकडे गहाण पडले?

आणि या 'हायफाय' साहेबाचं कूळ काढावं तर निघतं काय? रेडिओ नि ग्रामोफोन! 'हाय फिडेलिटी', म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यातून निघाला तसाच, इमानेइतबारे ऐकवलेला आवाज. इंग्रज अभियंता एच. ए. हार्टली सांगायचे, 1927 साली हा शब्द मीच काढला. 1950च्या सुमारास त्याची शेपटी छाटून 'हाय-फाय' झालं. असं यंत्र ज्याच्या दिवाणखान्यात, तो पैसेवाला, एवढंच आपण उचललं असणार. आवाज गेला, ऐट राहिली. पुढं 1999 साली इंटरब्रँड कंपनीनं याच यमकावर 'वाय-फाय' जुळवलं. त्याला फुलफॉर्मच नव्हता! तरी आपल्यातला एकेक पंडित 'वायरलेस फिडेलिटी' असं छातीठोक सांगतोच.

खरी मजा नवरात्रात. आपला दुर्गोत्सव म्हणजे विचारायची सोय नाही. पुरुषभर उंचीच्या पेट्या, समोरून गेलं की शर्टाच्या गुंड्या थरथरतात, छातीत धडधड आपली की डीजेची ते कळत नाही, आणि गाणं कोणतं हे खुद्द गाणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. मंडळाचा कार्यकर्ता वर कानात ओरडणार, "यंदा साउंड लय हायफाय हाय भाऊ!" कुठं गेलं ते इमान? बरं, इमानाचं कोणाला पडलंय म्हणा. सकाळी या पक्षात, संध्याकाळी त्या पक्षात, तो नेताही हायफायच.

या शब्दाला नाकं मुरडणारे का कमी आहेत? 2019च्या जानेवारीत 92वं साहित्य संमेलन याच गावात भरलं. तेव्हापासून शुद्ध मराठीचा झेंडा खांद्यावर घेतलेले एक गुरुजी पोराच्या लग्नासाठी मंगल कार्यालय बघायला गेले आणि पहिलाच सवाल टाकला, "याहून हायफाय नाही का काही?"

हसू नका. नव्या घराच्या टाइल्स दाखवताना तुम्ही काय म्हणालात, ते शेजाऱ्यांनी ऐकलंय.