रविवारच्या टीमसाठी अ‍ॅप कसे निवडावे

अ‍ॅप निवडण्याआधी टीम किती जणांची आहे ते निश्चित करावे. रविवारी सकाळी टेनिस बॉलने खेळणाऱ्या टीमची पहिली पंचाईत इथेच होते. ग्रुपवर चौतीस जण असतात. त्यातले दोघे नोकरीसाठी कॅनडाला गेलेत, एकाचा गुडघा गेलाय, एकाने क्रिकेट सोडून मॅरेथॉन धरलीय आणि एक नंबर कोणाचा आहे हे कोणालाच ठाऊक नाही. पण काढायचे कसे, वाईट दिसते. शनिवारी रात्री कॅप्टन विचारतो, ‘उद्या किती जण?’ चौदा अंगठे येतात. सकाळी साडेसहाला मैदानावर सात माणसे असतात आणि त्यातल्या दोघांनी अंगठा दिलेलाच नसतो.

या टप्प्यावर टीममधला आयटीवाला म्हणतो, ‘आपण एखादं प्रॉपर अ‍ॅप का नाही वापरत?’ आयटीवाला बहुधा आठव्या नंबरवर बॅटिंगला येतो. हा योगायोग नसावा.

व्हॉट्सअ‍ॅपचा दावा आधी ऐकून घ्यायला हवा, कारण कब्जा त्याचाच आहे. एका ग्रुपमध्ये १०२४ माणसे मावतात, म्हणजे सदस्यसंख्येची अडचण नाही. २०२२च्या नोव्हेंबरात तिथे पोल आले, बारापर्यंत पर्याय देण्याच्या सोयीसह. सुरुवातीला एकाच माणसाला हवे तितके पर्याय निवडता येत. त्यामुळे ‘येणार’ आणि ‘नाही येणार’ या दोन्हींवर बोट ठेवून मोकळे होणारे महाभाग निघाले. २०२३मध्ये एकाला एकच मत देण्याची सोय आली, तेव्हा टीमने ‘बघतो’ हा तिसरा पर्याय मागून घेतला. तेव्हापासून बहुमत त्याच्याकडेच आहे. शिवाय पोल टाकल्यावर तासाभरात त्याच्यावर एक सुप्रभात, एक सोसायटीच्या पाणीकपातीची सूचना आणि बाद-नाबादच्या जुन्या वादाचे पस्तीस मेसेज चढतात. ज्याला खरोखरच यायचे असते त्याला तो सापडत नाही.

म्हणून परदेशी माल पाहावा. टीमस्नॅप हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावचे, २००९ सालचे. स्पॉन्ड नॉर्वेचे, हेजा स्वीडनचे. तिन्ही गुणी आहेत. सामना टाकला की प्रत्येकाला निरोप जातो, ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे असते, आणि जो काहीच म्हणत नाही त्याला स्पॉन्ड आपणहून आठवण करून देते. गप्प बसण्याला उत्तर न समजणे ही नॉर्वेची संस्कृती असेल. आपल्याकडे ‘नाही’ म्हणण्याची रीतच मुळी गप्प बसणे ही आहे. ‘नाही’चे बटण दाबायचे म्हणजे कॅप्टनच्या तोंडावर नकार देणे. तेवढा कोडगेपणा सख्ख्या मित्रांत दाखवत नाहीत. तिसरी आठवण आली की माणूस नोटिफिकेशन बंद करतो, आणि मग त्याला टर्फ बदलल्याचा निरोपही मिळत नाही.

ही अ‍ॅप मुळात पोराटोरांच्या टीमसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी जास्त वापरली जातात, हेही लक्षात घ्यावे. कोणी गाडी आणायची, खाऊ कोणाकडे, याची वाटणी टीमस्नॅपमध्ये करता येते. वडापाव कोण आणणार, हे त्यात नीट बसते. वाटणीप्रमाणे तो येतो की नाही, हा निराळा विषय.

खरी अडचण भूमिकांची आहे. खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, पालक अशा पदव्या या अ‍ॅपमध्ये मिळतात. तेरा जण जमले तर दोन्हीकडून बॅटिंग करणारा ‘कॉमन’ कुठे नोंदवायचा? विकेटकीपरचा सात वर्षांचा मुलगा बाबांबरोबर येतो. त्याला आऊट देत नाहीत आणि त्याची ओव्हर मोजत नाहीत. हा ‘कच्चा लिंबू’ कोणत्याही अ‍ॅपच्या यादीत नाही. त्याला खेळाडू म्हणून घातलेच, तर २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. पालक यष्टीमागे उभा असतो. संमती दोन बॉलच्या मधे घ्यावी.

पुढे लोकेशन. सगळी अ‍ॅप नकाशावर टाचणी लावून देतात आणि त्याचे मोठे कौतुक सांगतात. ज्यांची टीम बाणेरच्या किंवा घोडबंदर रोडच्या जाळी लावलेल्या टर्फवर खेळते, त्यांना ती टाचणी पुरते. आझाद मैदानावर मात्र बावीस खेळपट्ट्या आहेत. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटशेजारी उभा असतो, आणि अंगावर येणारा बॉल आपला की शेजाऱ्यांचा हे ओरडण्यावरून ओळखायचे असते. तिथे टाचणी नेमकी आझाद मैदानावरच नेते. पुढचे काम फोन करूनच होते. ‘जिमखान्याच्या बाजूला ये. नाही रे, सीएसएमटीकडे नाही. मी हात वर करतोय, दिसतोय का?’ मैदानावर त्या वेळी निदान चाळीस जणांचे हात वर असतात, कारण कुठेतरी अपील चाललेले असते.

याच मुंबईत क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. सुरुवातीला बऱ्याच घरांत फोनही नव्हता, तरी दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण चिखलात उभे राहत. अ‍ॅपच्या विक्रेत्यापुढे हा मुद्दा काढू नये. तो विषय बदलतो.

आता क्रिकहिरोज. अहमदाबादच्या कंपनीचे हे अ‍ॅप मुळात स्कोअर लिहिण्याचे. टीममधल्या ज्या माणसाने आजवर एकही अ‍ॅप मनापासून उघडले नाही, तोही हे उघडतो, कारण त्यात त्याच्या स्वतःच्या धावा असतात. गल्लीत काढलेल्या अठरा धावांचे स्कोअरकार्ड मोठ्या फलंदाजासारखे फोटोसकट दिसते, ते सासुरवाडीच्या ग्रुपवरही टाकता येते. हजेरीसाठी अ‍ॅप निवडणाऱ्याने यावरून धडा घ्यावा: माणूस टीमसाठी अ‍ॅप उघडत नाही, स्वतःच्या सरासरीसाठी उघडतो.

फक्त स्कोअर लिहायला कोण बसणार ते आधी ठरवावे. बसतो तो नुकताच आऊट झालेला. शून्यावर परतलेल्या माणसाच्या हातात फोन दिला जातो. बॅटरी बारा टक्के, ऊन थेट पडद्यावर. प्रत्येक विकेटला अ‍ॅप विचारते, कसा आऊट, कोणी घेतला. स्वतःच्या विकेटच्या वेळी आपण क्लीन बोल्ड नव्हतो, बॉल खाली राहिला, हे नोंदवण्याची जागा तो शोधत राहतो. तेवढ्यात दोन वाइड निघून जातात. त्यातला एक वाइड होता की नव्हता यावर खेळ थांबतो, आणि ‘भांडण चालू’ असे बटण नसल्याने अ‍ॅपच्या दृष्टीने काहीच घडत नसते. मग ऑफिसचा फोन येतो, तो बोलत बाजूला जातो, आणि अख्खी ओव्हर आठवणीतून भरली जाते. आठवणीतली ओव्हर नेहमी बॅटिंग करणाऱ्या बाजूला अनुकूल असते.

पैशांबाबत फार लिहायला नको. परदेशी अ‍ॅपमधून वर्गणी घेण्याची सोय तिकडच्या बँका आणि कार्डे धरून केलेली आहे. इथे २०१६ पासून यूपीआय आहे आणि टीमच्या खजिनदाराचा क्यूआर कोड ग्रुपच्या फोटोतच लावलेला आहे. तो दिसत नाही, अशी तक्रार फक्त वर्गणी थकलेल्यांची असते. स्प्लिटवाइज चांगले, पण फुकट वापरणाऱ्याला ते दिवसाला मोजकेच खर्च लिहू देते. टर्फ, दोन बॉल, पाणी, कटिंग आणि नाल्यात गेलेला तिसरा बॉल असे पाच खर्च झाले की रविवारचा कोटा संपल्यात जमा. नाल्यातल्या बॉलचे पैसे मारणाऱ्याने द्यायचे की सगळ्यांनी, हे टीमने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवावे. त्यात कोणत्याही कंपनीने पडू नये.

एवढे सगळे तपासून झाल्यावर एकच चाचणी उरते, आणि खरे तर तीच पहिल्यांदा घ्यायला हवी होती. किट कोणाच्या डिकीत आहे? स्टंप, दोन बॅट, कीपरचे ग्लोव्हज आणि टेप लावलेला बॉल ज्याच्या गाडीत, तो आला तर सामना आहे. तो आला नाही तर चौदा ‘हो’ असूनही फक्त चहा आहे. हा गृहस्थ पंचेचाळिशीचा असतो, त्याच्या फोनमध्ये जागा नसते, पासवर्ड त्याच्या मुलीला माहीत असतो, आणि कुठलेही नवे अ‍ॅप दाखवले की तो म्हणतो, ‘मला आपला फोन करा.’ त्याच्या फोनवर जे अ‍ॅप चालेल तेच घ्यावे. एकही चालत नसेल तर बाकीच्या तेहतीस जणांनी हवे ते घ्यावे, आयटीवाल्याला अ‍ॅडमिन करावे, आणि शनिवारी रात्री साडेनऊला कॅप्टनने डिकीवाल्याला फोन करावा. दहानंतर करू नये, तो झोपलेला असतो. उचलला नाही तर मुलीला करावा. टर्फचे पैसे आगाऊ भरलेले आहेत आणि ते परत मिळत नाहीत.