भीती चुकीच्या सुईची

शिरूर-दौंडकडे खांदा धरला की उपचारांचा क्रम ठरलेला. आधी गरम तेल, मग चोळून घेणे, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेली पुडी, मग कमरेत इंजेक्शन. यात चार-सहा महिने जातात. तोवर बाईला वेणी घालता येत नाही, बाप्याला मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही आणि दौंड जंक्शनला गाडीत चढल्यावर वरच्या फळीवर पिशवी टाकायला शेजाऱ्याला विनवावे लागते. रात्री त्या कुशीवर वळले की झोप मोडते. अखेर हाडांचे डॉक्टर म्हणतात, सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ. त्यावर सगळे घर एका सुरात ओरडते, ‘स्टेरॉइड नको!’

मग सहा महिने पोटात गेले ते काय होते? सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे आपल्या देशात वारंवार उघड झाले आहे. ते किती, किती दिवस, कशासाठी, काहीच ठाऊक नसते. हाडे ठिसूळ होतात, साखर चढलेलीच राहते ती अशा रोजच्या, बेहिशेबी स्टेरॉइडने. सांध्यातल्या सुईत साधारण 40 मिलिग्रॅम औषध असते, ते दुखऱ्या जागीच सोडतात आणि कागदावर त्याची नोंद राहते. घाबरायचेच तर पुडीला घाबरा.

या दुखण्यात सांध्याभोवतीचे आवरण आधी सुजते, मग जाड होऊन आकसते. एक्स-रे बहुतेक वेळा स्वच्छ येतो, म्हणून घरचे म्हणतात ‘काही झालेले नाही’. पण दुसऱ्याने हात उचलून पाहिला तरी तो अडतो, आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळवायला गेले तर वळतच नाही. स्टेरॉइड सूज उतरवते, आकसलेले आवरण मोकळे करत नाही. म्हणून सुईचा खरा उपयोग पहिल्या काही महिन्यांत, ठणका जोरात असताना. ठणका कमी झाला की व्यायाम सुरू करायचे : वाकून हात लोंबता ठेवून झुलवणे, भिंतीवर बोटे चढवणे. सुई घेतली आणि व्यायाम सोडला, तर निम्मा उपचार वाया गेला.

शस्त्रक्रियेसाठी पुण्याला धावणाऱ्यांनीही थोडे थांबावे. ब्रिटनमधल्या 503 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुईसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, असे तीन गट त्यात होते. वर्षभराने तिन्ही गटांतले रुग्ण बरेच सुधारले, आणि कोणताही एक उपचार बाकी दोन्हींहून ठळकपणे सरस ठरला नाही. मग सुरुवात सगळ्यात मोठ्या बिलापासून का करायची?

आता साखरेचे. मधुमेह असलेल्यांचा खांदा इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा धरतो आणि जास्त काळ छळतो. कित्येकांना साखर असल्याचे खांद्यामुळेच कळते. अशा माणसाला सांध्यात स्टेरॉइड दिले की पुढचे काही दिवस साखर चढते. त्यासाठी सुई टाळायची गरज नसते. ती घेण्याआधी साखर तपासायची, नंतर आठवडाभर मोजत राहायचे आणि गोळ्या-इन्सुलिनचे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचे. हे न सांगता सुई टोचणारा डॉक्टर माझ्या मते अर्धेच काम करतो. आणि महिन्या-महिन्याला तीच सुई टोचणाऱ्याकडून तर उठून यावे.

उसाच्या खेपा, कांद्याची काढणी, रांजणगावच्या कारखान्यांतली पाळी, हे सगळे खांद्यावरच चालते. तो धरण्यामागे साखर असू शकते, आणि तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. घरात कुणी ‘खांदा धरलाय’ म्हणाले, तर तेल तापवण्याआधी त्यांना तिथे घेऊन जा.