वाटाड्या मराठी असल्यास

उंच डोंगर चढायचा तर वाटाड्या आपलीच भाषा बोलणारा असावा, अशी निमगाव केतकीच्या माणसाची पक्की समजूत असते. ती डोंगराच्या पायथ्यापर्यंत टिकते.

इंदापूर तालुक्यातील हे गाव पानमळ्यांचे. येथे चढण्याचे काम माणसे करीत नाहीत, वेल करते. पानवेल शेवरीच्या किंवा पांगाऱ्याच्या आधाराने वर जाते, हाताला येईनाशी झाली की तिची उतरण करतात, म्हणजे वेल खाली घेऊन तिचा काही भाग मातीत पुरतात, आणि ती पुन्हा चढू लागते. चढण्याविषयीचे गावाचे सारे ज्ञान असे दुसऱ्याला चढवण्याचे आहे. चालण्याची गोष्ट वेगळी. तुकोबांची पालखी दरवर्षी गावावरून इंदापूर, सराटी, अकलूज या वाटेने पंढरपूरला जाते, आणि तिच्याबरोबर जाऊन आलेल्याला आपल्या पायांविषयी गाढ विश्वास वाटू लागतो. या वाटेवर घाट म्हणावा असा रोटीचा घाट. तो पाटसच्या बाजूला, म्हणजे निमगावच्या कितीतरी आधी येतो, आणि तेथे पालखीच्या रथालाही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पुढे निमगावात वारीला मिळणाऱ्याला हा तपशील ऐकूनच ठाऊक असतो.

अशा माणसाने निवडलेला डोंगर बहुधा कळसूबाई असतो, कारण राज्यात सर्वांत उंच तोच आहे आणि गावी सांगताना दुसरे काही समजावून द्यावे लागत नाही. उंची १,६४६ मीटर. डोंगर अकोले तालुक्यात, पायथ्याला बारी गाव. पुणे, संगमनेर, अकोले, राजूर असा प्रवास करून तेथे पोहोचता येते. सह्याद्रीत बारी म्हणजे खिंड. इंदापूरकडच्या माणसाला बारी म्हटले की भजनाची बारी आठवते, आणि मराठी वाटाड्याबरोबरचा गोंधळ येथूनच, म्हणजे गावाच्या पाटीपासून सुरू होतो.

डोंगरातल्या मराठीत सोंड हत्तीला नसते. ती डोंगराची उतरत आलेली धार असते. नाळ बाळाची नसते आणि घोड्याचीही नसते. कड्यातून खाली घसरत जाणाऱ्या अरुंद घळीला नाळ म्हणतात. वाटाड्या “सोंडेवरनं वर निघू” म्हणतो तेव्हा निमगावकर आदराने मान हलवतो. एकवेळ हे शब्द पाठ होतील. खरी अडचण दोघांनाही लहानपणापासून येत असलेल्या शब्दांची आहे. ‘सपाट’ हा त्यांतला पहिला. निमगावात सपाट म्हणजे जेथे पाटाचे पाणी कोणत्या बाजूला पळेल यावरून दोन भावांत भांडण होऊ शकते अशी जमीन. वाटाड्याच्या बोलण्यात सपाट म्हणजे हात न टेकता चढता येते ती. “आलंच” हा दुसरा. तो अंतर सांगत नाही, वेळही सांगत नाही. तो सांत्वनाचा उद्गार आहे आणि रडणाऱ्या मुलाला “बाबा आलेच हं” म्हणतात त्या जातीचा आहे. “हे काय, टेपाड चढलं की झालं” या वाक्यात चूक एवढीच, की टेपाड एकवचनी आहे.

परकी भाषा असती तर हे टळले असते. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या एव्हरेस्ट मोहिमेत रेमाँ लाम्बेर आणि तेनसिंग नोर्गे एका दोराला बांधून सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम येत होती. दोन-चार शब्द आणि खुणा यांवर काम भागले, आणि तोवर माणूस एवढ्या उंचीवर पोहोचल्याची नोंद नव्हती. निमगावकर आणि वाटाड्या यांच्यात एकही शब्द भाषांतरावाचून अडत नाही, आणि ती जोडी पहिल्या शिडीखाली दगडावर बसलेली असते.

बसण्याचे कारण संभाषण. मराठी मुलखात ओळख झाल्यावर गप्प चालणे हे शिष्टाचाराला धरून नाही. वाटाड्या वयाने लहान असला तरी निमगावकर त्याला मामा म्हणतो, तो निमगावकराला भाऊ म्हणतो, आणि नाते लागल्यावर चौकशी आलीच. गाव कोणते, मळा किती, डाळिंब आहे का, त्यावर तेल्या रोग आला होता का, ऊस कोणत्या कारखान्याला जातो. वाटाड्या हे सारे चढावर विचारतो, कारण त्याच्या दृष्टीने तो सपाटच असतो. उत्तर न द्यावे तर माणूस शिष्ट ठरतो. द्यावे तर उसाच्या भावाइतका लांब विषय एका श्वासात मावत नाही: “पहिली उचल” एवढे म्हणून एक पायरी, “मिळाली” म्हणून दुसरी, आणि “पण” म्हणून रेलिंग धरून उभे राहणे. कडा फार उभा आहे तेथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. तिथवर आल्यावर तरी मामा गप्प राहील अशी आशा असते. मामा चार पायऱ्या वर जातो, मागे वळतो आणि विचारतो, “मुलीचं लग्न जमलं का?”

याहून अवघड प्रसंग समोरून दुसरा वाटाड्या खाली उतरत आला म्हणजे येतो. शामोनी येथे १८२१ साली वाटाड्यांची संघटना स्थापन झाली, तेव्हापासून आल्प्समध्ये परदेशी गिऱ्हाइके चढत आली आहेत, आणि वाटाडे त्यांच्याविषयी आपसांत काय बोलत असतील हे त्यांतल्या पुष्कळांना कधीच कळले नसेल. निमगावकराला सगळे कळते. “ह्यांना घेऊन वर?” “बघतो की.” “मग अंधाराचं काय करतो?” “बॅटरी हाय.” तिघांनाही मराठी येते हे त्या क्षणी तिघांच्याही लक्षात असते, आणि निमगावकर दूरच्या अलंग, मदन, कुलंग या डोंगरांकडे फार बारकाईने पाहू लागतो.

हवा विरळ झाल्याची सबब येथे चालत नाही. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो; कळसूबाईच्या माथ्यावरचा धापा टाकणारा माणूस हा त्याच्या स्वतःच्या कारणांनी धापा टाकत असतो. तरीही काही जण ऑक्सिजनचा विषय काढतात. त्यावर मामा सांगतो, की नवरात्रात गावच्या बायका अनवाणी वर जातात, त्याची आजी गेल्या सालापर्यंत जात होती, आणि तिने ऑक्सिजनचे कधी नाव काढले नाही.

देवीची कथाही मामाच सांगतो, आणि ती चढापुरती फार सोयीची आहे, कारण तिला उत्तर द्यावे लागत नाही. कळसू ही कोळ्याची पोर. एका घरी कामाला राहिली ती अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी अट मोडली, तशी ती उठली आणि डोंगरावर जाऊन राहिली, ती परत आली नाही. ही कथा ऐकून कोणी भक्तीने हात जोडतो. निमगावकर अशा दमलेल्या स्थितीत असतो की त्याला अटी घालून कामाला राहण्याची कल्पनाच फार पटते.

माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. आत जेमतेम दोन-तीन माणसे वाकून मावतात. बाहेर भंडारदऱ्याचे पाणी खाली चकाकताना दिसते आणि वारा टोपी नेतो. येथे निमगावकर पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली घरची पाने काढतो. पहिले पान देवीपुढे ठेवून दुसरे मामाला देतो. मामा ते बोटांवर उलटे धरतो, शिरा ओढतो, चुना लावतो, गालात ठेवतो आणि त्या दिवसात प्रथमच काही वेळ बोलत नाही. पाने पायथ्याशीच काढायला हवी होती, हे निमगावकराच्या ध्यानात येते ते येथे.

उतरण राहिली. तिला मामा “आता काय, उतारच” एवढेच म्हणतो. चढताना तक्रार छातीची असते, उतरताना गुडघ्यांची, आणि शिडीवर तोंड डोंगराकडे करून उतरावे लागत असल्यामुळे पुढची पायरी डोळ्यांना नव्हे, तळपायाला शोधावी लागते. पानवेलीची उतरण करताना तिला दोन्ही हातांनी सांभाळून खाली घेतात. मामा बारा पायऱ्या खाली उभा राहून तंबाखू मळत “या, या, सपाटच आहे” म्हणतो.

बारीत परतल्यावर चहा होतो, हिशेब होतो, उरलेली पाने मामाच्या घरी जातात. मामा एकदा पानमळा बघायला येईन म्हणतो आणि एसटीतून उतरल्यावर मळा किती लांब, असे विचारतो.

“लांब कुठं मामा,” निमगावकर सांगतो, “स्टँडवर उतरलं की हे काय, आलंच.”

मळा स्टँडपासून चार किलोमीटर असतो.