हाकेला ओ

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमचा संगणक जगाला पारखा झाला. साडेदहाला मेलबर्नहून लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा होता. मोबाइलवर बोलता आलं असतंच, पण आमच्या घरी तो दुय्यम दर्जाचा कॉल समजला जातो. टेबलावरच्या हातभर पडद्यावर लेकीच्या मागची तुळशीची कुंडी दिसते, कुंडीला पाणी घातलंय की नाही तेही दिसतं, आणि हिच्या मते खरी खुशाली तिथंच कळते. तेव्हा मी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि निवृत्त माणसाच्या अंगी असतो तेवढा सगळा अधिकार गोळा करून दुरुस्तीला बसलो.

नेट बंद पडलं की दोष शोधायची एक जुनी रीत आहे, पिंग करायची. काळ्या खिडकीत चार अक्षरं टाइप करायची आणि पुढे पत्ता लिहायचा. संगणक त्या पत्त्यावर एक इवलीशी चिठ्ठी धाडतो, ती तशीच परत येते आणि जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते पडद्यावर उमटतं. माइक मूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरनं डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधताना सोनार यंत्र जो टिंग आवाज सोडतं आणि प्रतिध्वनीची वाट पाहतं, त्यावरून त्यानं हे नाव ठेवलं. बिचारा २००० साली रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याला मराठी येत असतं तर समुद्राच्या तळाशी जायची गरजच पडली नसती. आपल्याकडे याला हाक मारणं म्हणतात, आणि परत येते ती ओ. हाकेच्या अंतरावर हे मापही आपलंच. मूसनं फक्त त्याला मिलिसेकंदाच्या खुणा केल्या.

विंडोजमधून मारलेल्या हाकेत काय असतं ते एकदा मी कुतूहलानं पाहिलं होतं. बत्तीस अक्षरं असतात. ए बी सी डीपासून डब्ल्यूपर्यंत, आणि मग पुन्हा एपासून आयपर्यंत. एक्स, वाय, झेडचा पत्ता नाही. पलीकडचं यंत्रही तेवढीच अक्षरं मुकाट्यानं परत म्हणून दाखवतं. कोट्यवधी रुपयांची यंत्रं रात्रंदिवस एकमेकांना अपुरी इंग्रजी बाराखडी म्हणून दाखवतायत, हे कळल्यापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

पहिली हाक स्वतःलाच मारायची असते. १२७.०.०.१ हा पत्ता प्रत्येक संगणकाचा स्वतःचा. ‘मी आहे का?’ असं संगणक स्वतःला विचारतो आणि ‘आहे’ असं उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत देतो. एवढ्या झटपट हे उत्तर देणारा माणूस मी पाहिलेला नाही. दुसरी हाक कोपऱ्यातल्या राउटरला. त्यानंही ओ दिली. तिसरी घराबाहेर, ८.८.८.८ या सोप्या आकड्यांवर. तिकडे मात्र सामसूम. चार हाका गेल्या, प्रत्येकीला चार-चार सेकंद वाट पाहून झाली आणि चारदा ओळ उमटली, रिक्वेस्ट टाइम्ड आउट.

तिवंध्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात सहा बिऱ्हाडं होती आणि दिवसभर हाकांचीच ये-जा चालायची. प्रत्येक हाकेची जात वेगळी. माडीवरून चौकात पडणारी, न्हाणीघरातून पंचा मागणारी, गंगेवरून परतताना बोळाच्या तोंडाशीच सुरू होणारी. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, नकाशावाल्यांनी त्यांचं बघावं.) आजोबा दिंडी दरवाजात खाकरायचे. ती हाक नव्हती, हाकेआधीची वर्दी होती. ते खाकरले की आजी चुलीवर चहाचं आधण ठेवी आणि मग हाक यायची. पुढं पुष्कळ वर्षांनी डायल-अपचा मोडेम घरी आला, जोडणीआधी मिनिटभर खरखर करत किंचाळू लागला, तेव्हा सगळे कानांवर हात ठेवत होते आणि मला आजोबा आठवत होते.

नेट बंद पडायचा आणखी एक प्रकार असतो. तार शाबूत, यंत्रं शाबूत, आकड्यांच्या पत्त्यावर हाक पोचते, पण नावानं हाक मारली की कोणी सापडत नाही. कारण यंत्रांना नावं कळत नाहीत. नाव घेतलं की त्याचा आकडा कोणता हे सांगणारी एक मध्यस्थ यंत्रणा असते, डीएनएस. तीही १९८३चीच. ती रुसली की जगातलं प्रत्येक नाव मुकं होतं.

आजीचा सगळा संसार या यंत्रणेवाचून झाला. तिनं आजोबांचं नाव कधीच घेतलं नाही. ‘अहो’ एवढ्याच पत्त्यावर पन्नास वर्षं निरोप गेले, आणि वाड्यात सहा बिऱ्हाडांचे सहा ‘अहो’ असताना एकही निरोप चुकीच्या ‘अहों’कडे गेला नाही. १९७१च्या जनगणनेला आलेल्या मास्तरांनी घरप्रमुखाचं नाव विचारलं, तेव्हा आजीनं पदर सारखा केला, मला पुढे ढकललं आणि म्हणाली, ‘सांग रे.’ मी आठ वर्षांचा. खणखणीत आवाजात आजोबांचं तिहेरी नाव सांगितलं. मी त्या वाड्यातला डीएनएस होतो, हे कळायला पुढची तीस-पस्तीस वर्षं गेली.

आजोबा गेल्यावरही आजीच्या तोंडातला तो शब्द लगेच थांबला नाही. दिवेलागणीला चहा गाळताना तिच्या तोंडून ‘अहो’ निघून जायचं. मग ती गाळणं तसंच हातात धरून थोडा वेळ उभी राहायची. संगणक चार सेकंद थांबतो आणि पुढची ओळ लिहून मोकळा होतो. आजी त्याहून जास्त थांबायची.

तर साडेदहा वाजत आले होते. शेवटी मी केबलवाल्या पोराला फोन लावला. बंद करून चालू करा, हा मंत्र मी आधीच दोनदा म्हटलाय, असं त्याला मोठ्या ऐटीत सांगितलं. पिंगचा सगळा इतिहासही सांगणार होतो, पण तो म्हणाला, ‘काका, राउटरवर लाल दिवा लागलाय का बघा ना.’

राउटरवर दिवे आहेत याचा मला विसर पडला होता, कारण हिनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. आमच्या घरात पूर्वी टीव्हीवर होता, रेडिओवर होता, तोच वारसा. रुमाल उचलला तर खाली लाल दिवा रागानं मिचकावत होता. बहुधा साडेनऊपासून.

‘म्हणजे उजेडच येत नाहीये,’ पोरगा म्हणाला. ‘गच्चीवर वायर कुठं दबलीय का बघा.’

या नव्या तारेतून वीज येत नाही, उजेड येतो. केसाएवढ्या काचेतून सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर वेगानं. पंचवटी एक्स्प्रेस मुंबईला पोचायला साडेतीन-चार तास घेते, तेवढं अंतर तो मिलिसेकंदाच्या आत काटतो. फक्त तार फार वाकवलेली त्याला खपत नाही. तीव्र वळण आलं की उजेड काचेतून बाहेर गळून जातो.

गच्चीवर गेलो. चैत्राचं ऊन चढलं होतं. खाटेवर जुनं धोतर अंथरून त्यावर कुरडया वाळत होत्या, अजून मधून ओलसर, गव्हाच्या चिकाचा आंबूस वास धरून असलेल्या. आणि खाटेचा पुढचा पाय नेमका कठड्यालगतच्या तारेवर टेकला होता. साडेनऊला ही खाट उन्हात सरकवली कोणी, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. १२७.०.०.१वरून उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत आलं असतं.

एकाही कुरडईला धक्का लागू न देता खाट उचलली, तार मोकळी केली. पूर्वी दूरदर्शनसाठी मी असाच गच्चीवर अँटेना धरून फिरायचो आणि ही खालून ओरडायची, ‘आलं... आलं... गेलं!’ आताही ती खाली राउटरसमोर रुमाल हातात धरून उभी होती.

‘अहो, हिरवा झाला!’

मी उत्तर दिलं नाही. ऐकू आलं नव्हतं असं नाही. खाटेची दांडी हातात धरून उगाच उभा राहिलो. एक, दोन, तीन, चार.

‘अहो...’ या वेळी आवाज जिन्याच्या तोंडाशी आलेला, जरासा घाबरा.

‘ओ,’ मी म्हणालो, ‘आलो.’